आज्ञा आणि मनधरणी

अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुष, त्याने लेखणी उचलावी आणि सारा कारभार हलावा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. रिचर्ड न्यूस्टाट यांच्या ‘प्रेसिडेन्शियल पॉवर’ या 1960 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. तो आम्ही नुकताच पुन्हा वाचला. त्याची थोरवी पूर्वीइतकीच जाणवली. परंतु त्यातील एक उणीवही जाणवली, आणि ती आज अधिक बोचते.

ग्रंथकर्ता नुसता पढिक पंडित नव्हे. ट्रूमन यांच्या कारकिर्दीत त्यांनी प्रथम अंदाजपत्रक कार्यालयात आणि पुढे खुद्द व्हाइट हाउसमध्ये काम केले होते. वरून सुटलेल्या हुकमाचे खाली पोहोचेपर्यंत काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा: राज्यघटनेने अध्यक्षाला अधिकार दिले आहेत, पण अधिकार म्हणजे प्रभाव नव्हे. खाती काँग्रेस निर्माण करते, पैसा काँग्रेस मंजूर करते, बड्या नेमणुकांस सेनेटची संमती लागते. म्हणून खात्याचा मंत्री अध्यक्षाने नेमलेला असला, तरी तो एकट्या अध्यक्षाचा नसतो. काँग्रेसच्या समित्या, हाताखालचा नोकरवर्ग, खात्याशी हितसंबंध असलेली मंडळी आणि स्वतःचा लौकिक, इतक्यांकडे पाहून त्याला पाऊल टाकावे लागते. अशा माणसाला नुसती आज्ञा करून भागत नाही. त्याची मनधरणी करावी लागते. उघड हुकूम सोडण्याची पाळी येणे हे बहुधा इतर उपाय थकल्याचेच लक्षण होय.

याच्या पुष्ट्यर्थ ग्रंथात तीन प्रसंग येतात: 1951 मध्ये ट्रूमन यांनी सेनापती मॅकआर्थर यांस केलेले बडतर्फ, 1952 मध्ये त्यांनी पोलादाचे कारखाने सरकारी ताब्यात घेणे, आणि 1957 मध्ये लिट्ल रॉक येथे आयझेनहॉवर यांनी सैन्य धाडणे. तिन्ही वेळा हुकूम तत्काळ पाळला गेला. तरी ग्रंथकर्ता त्यांस विजय मानीत नाही. पोलादाच्या प्रकरणाचे विवेचन तर फारच मार्मिक आहे. कारखाने व्यापारमंत्री सॉयर यांच्या हाती सोपविण्यात आले. त्यांनी कामगारांची वेतनवाढ लवकर अंमलात आणावी, म्हणजे मालक तडजोडीस तयार होतील, असा व्हाइट हाउसचा डाव होता. सॉयर यांचे मन त्या कामात नव्हते. त्यांनी वेळ काढला. आणि ते सिद्ध झाले तेव्हा वेतनात बदल करण्यास सर्वोच्च न्यायालयाची मनाई आली. हुकूम मोडला कोणीच नाही; तो वाटेत थिजला.

येथवर आम्ही ग्रंथकर्त्याशी सहमत आहोत. पण न्यूस्टाट सारा कारभार अध्यक्षाच्या खिडकीतून पाहतात. त्या खिडकीतून सॉयर म्हणजे एक अडथळा दिसतो. परंतु पुढे जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकारच अध्यक्षांना नव्हता! म्हणजे मंत्र्याची दिरंगाई, तिचा हेतू काहीही असो, अध्यक्षांच्या त्वरेपेक्षा कायद्याला अधिक जवळची ठरली. या योगायोगाने ग्रंथकर्त्याच्या मनात जो प्रश्न उठावयास हवा होता, तो उठत नाही.

तो प्रश्न नवा नव्हता. एकेकाळी अमेरिकेत सरकारी जागा विजयी पक्षाच्या अनुयायांत वाटल्या जात. 1881 मध्ये नोकरी न मिळाल्याने बिथरलेल्या एका इसमाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि 1883 मध्ये पेंडल्टन कायदा झाला. गुणवत्तेवर भरती आणि पक्षकार्यास नकार दिल्याबद्दल बडतर्फीपासून संरक्षण ही त्याची सूत्रे आरंभी सुमारे दहा टक्के जागांनाच लागू होती. पुढे ती विस्तारत गेली. कारकुनाने धन्याचा नव्हे, कायद्याचा नोकर असावे, हे त्यामागील तत्त्व. 1973 मध्ये निक्सन यांनी वॉटरगेटचा तपास करणाऱ्या कॉक्स यांस काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा महान्यायवादी रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्या दुय्यमानेही नकार दिला. तिसऱ्याने हुकूम पाळला खरा; पण देशाच्या लक्षात राहिले ते पहिले दोन नकार.

मग प्रत्येक दिरंगाई वंद्य मानावी काय? मुळीच नाही. लिट्ल रॉकच्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेचे दार उघडले, ते सैनिकांनी आज्ञा पाळली म्हणूनच. पण त्या आज्ञेच्या पाठीशी न्यायालयाचा निर्णय उभा होता. हीच ती कसोटी. हुकूम कसा पाळविला जातो, हे न्यूस्टाट अप्रतिम सांगतात. तो कधी पाळावा आणि कधी पाळू नये, याविषयी त्यांची लेखणी अडखळते. पुढील आवृत्त्यांत त्यांनी निक्सन, रेगन आदींवर प्रकरणे जोडली, तरी खिडकी तीच राहिली.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. 2020 च्या ऑक्टोबरात अध्यक्ष ट्रम्प यांनी धोरणाशी संबंधित कायम नोकरांना सहज काढता येईल, अशा नव्या वर्गाचा आदेश काढला. 2021 मध्ये बायडन यांनी तो रद्द केला. 2025 च्या जानेवारीत ट्रम्प यांनी तो पुन्हा जारी केला. त्यामागील तक्रार न्यूस्टाटचीच: लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाचे खाली कोणी ऐकत नाही. तक्रार खोटी नाही. पण मनधरणीची गरजच उरली नाही, तर नकाराची सोयही उरत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी सरकारी कचेऱ्यांत हयात घालविली आहे. साहेबांच्या इच्छेविरुद्ध फायलीवर टिपण लिहिताना हात का थबकतो, आणि तरीही ते का लिहावे लागते, हे त्यांस सांगावयास नको. त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र वाचताना अध्यक्षाच्या खुर्चीत न बसता, टिपण लिहिणाऱ्याच्या मेजाशी बसून वाचावा.