‘कसब’ कोणाचं? अल्-अशअरीच्या सिद्धांताची तपासणी

‘कसबी कारागीर’ म्हणताना कसब हा शब्द अरबी आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मूळ ‘कस्ब’ म्हणजे कमावणं. इस्लामी धर्मशास्त्राने याच शब्दावर मोठा भार टाकला. सगळं जर ईश्वरच घडवतो, तर माणसाच्या कर्माची जबाबदारी कोणाची? याचं सर्वांत गाजलेलं उत्तर म्हणजे बसऱ्याच्या अबुल हसन अल्-अशअरीचा (मृत्यू इ.स. ९३५च्या सुमारास) कस्ब-सिद्धांत. त्याचा ‘अल्-इबाना’ हा ग्रंथ आपल्या हैदराबादेत, १८८८ साली स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफने हिजरी १३२१ (इ.स. १९०३) मध्ये छापला. म्हणजे विषय वाटतो तितका लांबचा नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. दमास्कसच्या उमय्या खलिफांना ‘आमची सत्ता ईश्वराने नेमलेली’ हे म्हणणं सोयीचं होतं. माणूस आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे, असं सांगणाऱ्या गैलान अद्-दिमश्कीला खलिफा हिशामच्या काळात देहदंड झाला. पुढे मुअतझिला पंथाने हीच बाजू तर्काने मांडली : स्वतःच करवलेल्या पापाची शिक्षा दुसऱ्याला देणारा ईश्वर न्यायी कसा?

यावरून ‘ईश्वरी सत्तेचा पुरस्कार म्हणजे जुलमाची पाठराखण’ असं समीकरण बरेच जण मांडतात. ते टिकत नाही. मुअतझिलींच्या मताला राजाश्रय मिळाला तेव्हा, ८३३ मध्ये, खलिफा मामूनने धर्मपंडितांची चौकशी लावली. ‘कुराण निर्मित आहे’ हे मान्य न करणाऱ्या अहमद इब्न हंबलने तुरुंग भोगला, पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही खाल्ले. ‘इबाना’च्या सुरुवातीलाच अशअरी या इब्न हंबलचा गौरव करतो, तो उगाच नाही.

अशअरी स्वतः आधी मुअतझिलीच होता. पंथ सोडल्यावरही त्याने तर्क सोडला नाही. ‘इबाना’त भर धर्मवचनांवर आहे, तर ‘अल्-लुमा’ या दुसऱ्या ग्रंथात युक्तिवादावर. तिथे तो साधा दाखला देतो : तापाने अंग थरथरणं वेगळं आणि आपण होऊन चालणं वेगळं, हा फरक प्रत्येकाला आतूनच कळतो. दोन्ही हालचाली ईश्वरनिर्मितच, पण दुसरीबरोबर ईश्वर माणसात त्या कृतीची शक्तीही निर्माण करतो. म्हणून ती माणसाची ‘कमाई’. ज्याला ही मांडणी निव्वळ नशीबवाद वाटते, त्याने हा दाखला नीट वाचलेला नाही.

तरीही माझ्यातल्या इंजिनिअरला इथे अडायला होतं. एकाच पाइपलाइनवर दोन पंप आहेत. गेजचा काटा हलला, म्हणजे दाब आला एवढं नक्की; तो कोणत्या पंपाने दिला हे काटा सांगत नाही. अशअरीने फरक आहे हे सिद्ध केलं, पण त्यात माणसाचा वाटा किती, हे नाही. माणसातली ती शक्ती कृती घडवत नसेल, तर ती नेमकं करते काय? कस्ब हे त्या मोकळ्या जागेला दिलेलं नाव आहे. जागा त्याने भरत नाही.

ही हरकत फक्त बाहेरच्यांची नाही. अशअरीच्याच परंपरेतला अल्-जुवैनी (मृत्यू १०८५) याने ‘अन्-निझामिया’ या ग्रंथात माणसाच्या शक्तीला खरा परिणाम असतो हे मान्य केलं. निष्परिणाम शक्ती त्यालाही पटली नाही.

म्हणून अशअरी वाचावा तो उत्तरासाठी नव्हे. ईश्वराची सत्ता कमी करायची नाही आणि माणसाला जबाबदारीतूनही सोडायचं नाही, या दोन्ही अटी एकदम पाळण्याची किंमत काय पडते, ते तो दाखवतो. ही अट सुटायला अवघड होती, म्हणूनच त्याचे अनुयायी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर कसब पणाला लावत राहिले.