सगळे धर्म एकच सांगतात काय?

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य प्रार्थनासभेत मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. ईद असो, नाताळ असो की महावीर जयंती, भाषण निराळे, समारोप मात्र हाच. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेनंतर नववीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारा, आमच्या बालाघाटकडचा, बौद्ध घरातला मुलगा. त्याने विचारले, "सर, सगळे धर्म एकच सांगतात, तर आमच्या पणजोबांनी धर्म कशाला बदलला?"

मी काहीतरी गोलमाल सांगून त्याला वाटेला लावले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तेव्हा बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीच मुळी नागपूर होती. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. सीमा हलली, पण दीक्षा घेऊन वैनगंगेकाठी परतलेल्यांच्या प्रतिज्ञा हलल्या नाहीत. त्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. आणि माझ्या लहानपणी आमच्या घरच्या पंचांगावर दशावतारांचे चित्र असे, त्यात नवव्या जागी बुद्ध म्हणून कटीवर कर ठेवलेला विठोबा उभा असे! आम्ही बुद्धाला आदरानेच जागा दिली, असे आम्हाला वाटे. त्याच्या अनुयायांना ती हवी आहे काय, हे आम्ही कोणी विचारले नव्हते.

तेव्हापासून एक कसोटी मी मनाशी धरली. दुसऱ्याच्या धर्माविषयी जे लिहिले वा बोलले गेले, ते ऐकायला त्या धर्माचा माणूस पहिल्या रांगेत बसला असता तर त्याने मान डोलावली असती काय? ही कसोटी घेऊन मी आपल्या मराठीतले काही ग्रंथ पुन्हा वाचले. त्यांचा हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

पहिले एकनाथांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राजवटीच्या चाकरीत होते. तेव्हा यावनी बोली नाथांच्या रोजच्या कानावरची. या भारुडातली दोन माणसे गोडगोड बोलत नाहीत, कडाकडा भांडतात. तुर्क पुराणातल्या देवांच्या गोष्टी काढतो, दगडाच्या मूर्तीवर आणि सोवळ्यावर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सर्वत्र आहे तर एकाच दिशेला तोंड करून नमाज कशाला? भांडण पुरे झाल्यावर दोघे एकमेकांना नमस्कार करून आलिंगन देतात. भेद झाकून नव्हे, बोलून झाल्यावर भेट होते, हे या रचनेचे मोठेपण. पण तुर्काच्या तोंडचे शब्दही अखेर नाथांचेच. खरा मौलवी तेथे असता तर म्हणाला असता, पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाचीच, असे कुराणच सांगते. काब्याकडे तोंड करायचे ते देव तिकडेच राहतो म्हणून नव्हे, तर साऱ्या जमातीचे तोंड एका दिशेला असावे असा हुकूम आहे म्हणून.

दुसरा ग्रंथ फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे हे दहा हजारांवर ओव्यांचे पुराण राचोल येथे छापून निघाले. हेतू उघड होता: नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांचा धर्म त्यांच्या भाषेत कळावा. पुराणाचा घाट, ओवीचे वळण, आरंभीचे नमन हे सारे त्यांनी येथलेच घेतले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. पण पवित्र आत्म्यासाठी मात्र येथला शब्द न घेता परके नाव तसेच ठेवले. मला येथे लेखकाची अडचण स्पष्ट दिसते. 'वैकुंठ' म्हटले की ऐकणाऱ्या वैष्णवाच्या मनात विष्णुलोक उभा राहतो आणि त्यामागे जन्ममरणाचा फेरा. ख्रिस्ती माणसाला एकच जन्म, मग न्याय, मग स्वर्ग वा नरक. शब्द ओळखीचा घेतला की वाचक आत येतो, पण स्वतःचे घर बरोबर घेऊन येतो. परका शब्द ठेवला की उंबऱ्याशी अडखळतो, पण हे घर निराळे आहे हे त्याला कळते. स्टीफन्स यांनी दोन्ही केले, आणि भाषांतर करणाऱ्याला दुसरा इलाज नसतो.

तिसरे नाव विनोबांचे. 'गीताई'च्या कर्त्याने कुराण मुळातून वाचावे म्हणून अरबीचा अभ्यास केला, आणि 'कुराण-सार', 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले. हृदये जोडावीत, हा त्यांचा हेतू. याबाबत त्यांच्याविषयी माझा आदर तसूभरही कमी नाही. पण साराची एक मर्यादा असते. रस काढला की साल आणि बी बाजूला पडते. निवडलेली वचने वाचून ईश्वरभक्ती आणि सदाचार कळतात. पण शेजारचा माणूस पहाटे का उठतो, जकात म्हणून बचतीचा चाळिसावा हिस्सा का काढतो, हे सारातून पुरेसे कळत नाही. मात्र विनोबांच्याच प्रेरणेने झालेले 'समणसुत्तं' माझ्या कसोटीला पुरेपूर उतरते. जिनेंद्र वर्णींनी केलेल्या संकलनावर १९७४ साली दिल्लीत निरनिराळ्या जैन पंथांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ग्रंथ सर्वांनी मान्य केला. येथे पहिल्या रांगेतल्या माणसांनी स्वतः मान डोलावली होती.

एक साधा शब्द घ्या: उपवास. आषाढी एकादशीला आपल्याकडे धान्य वर्ज्य, पण साबुदाणा आणि रताळी चालतात. रमजानच्या रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, सूर्यास्तानंतर जेवण. जैन उपवासात अन्न मुळीच नाही. घेतलेच तर उकळलेले पाणी, तेही सूर्य असेतोवर. अष्टशील पाळणारा बौद्ध उपोसथाच्या दिवशी मध्यान्हानंतर जेवत नाही. ख्रिस्ती माणूस ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांचे स्मरण करतो. आणि शीख गुरूंनी उपवासाला महत्त्वच दिले नाही. एका पंगतीला बसून लंगर जेवणे हाच त्यांचा आचार. मी वर्गात या सगळ्याला 'उपवास' म्हणून मोकळा होत असे. एकाचा हेतू देवाच्या जवळ जाणे, दुसऱ्याचा आज्ञापालन, तिसऱ्याचा कर्माची निर्जरा. शब्दाची चादर एकच, तिच्याखाली झोपलेली माणसे निराळी.

विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शिकांत हल्ली एक तक्ता असतो: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. मुले तो घडाघडा पाठ म्हणतात. हिंदू धर्माच्या ओळीत संस्थापकाचा रकाना रिकामाच असतो, तेथे पहिली ठेच लागते. पण बैहर-परसवाड्याकडून आलेल्या आमच्या गोंड मुलांनी काय करावे? त्यांच्या बडादेवाचे ठाणे साजाच्या झाडात. संस्थापक नाही, छापील ग्रंथ नाही. चारही रकाने त्यांच्यासाठी निरुपयोगी. तक्त्यात बसत नाही म्हणून त्यांचा धर्म लहान ठरत नाही. तक्ता अपुरा ठरतो.

आता आमच्या प्रार्थनासभेत एक रीत आहे. ज्याच्या घरचा सण, त्यानेच त्यावर पाच मिनिटे बोलायचे. इतरांनी 'म्हणजे आमच्यासारखेच' असे म्हणायचे नाही, प्रश्न विचारायचा. कधी प्रश्न आगाऊ निघतो, कधी बोलणाऱ्याला उत्तर येत नाही. मग तो घरी विचारून दुसऱ्या दिवशी सांगतो. यातून कोणी पंडित झाला नाही, पण भांडणही झाले नाही.

तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला. आज भेटला तर त्याला एवढेच सांगेन: बाळा, तुझ्या पणजोबांना सगळे एकच सांगताना दिसले नव्हते. एकीकडे जन्माने ठरलेली पायरी होती, दुसरीकडे ती पायरीच नाकारणारा धम्म होता. त्यांनी फरक पाहिला आणि निवड केली. तो फरक मी सभेत पुसून टाकत होतो, ती चूक माझी.