‘तारण’ आणि मंडळी : ठाणे-कल्याण परिसरातील आद्य ख्रिस्ती समाजाविषयीच्या एका अभिप्रायाची चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती व्यक्तीला लाभलेले तारण ती पुढे गमावू शकते काय, हा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातील जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. ख्रिस्ती मंडळीचा उगम कसा झाला, हा प्रश्न सामान्यतः त्याहून वेगळा मानला जातो. पहिल्याचे उत्तर बायबलमधील वचनांत शोधले जाते, तर दुसऱ्याचे इतिहासाच्या साधनांत. या विभागणीमुळे एक गोष्ट दृष्टिआड होते. तारण गमावले असे म्हणण्यासाठी ते कोणाला लाभले होते हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याचा अधिकार प्रत्येक काळात कोणत्या ना कोणत्या मंडळीने स्वतःकडे घेतलेला असतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न नेहमीच दडलेला असतो.

प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचा विचार ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात केला आहे. चौदाव्या शतकातील डोमिनिकन धर्मोपदेशक जॉर्डानस कॅटलानी याने आपल्या ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ या लॅटिन ग्रंथात या प्रदेशातील जुन्या ख्रिस्ती लोकांविषयी दिलेला अभिप्राय चिकित्सेसाठी निवडला आहे. हेन्री यूल यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून कोकणातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासलेखनात त्याचा वापर होत आला आहे. मात्र त्यातील हा अभिप्राय बहुधा केवळ माहिती म्हणून स्वीकारला गेला आहे.

उगमाविषयीचे पुरावे

या परिसरातील ख्रिस्ती धर्माचा उगम प्रेषित बार्थोलोम्यूपर्यंत मागे नेण्याची एक परंपरा आहे. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने, अलेक्झांड्रियाचा पँटीनस ‘इंडिया’त गेला असता तेथे बार्थोलोम्यूने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले, अशी वार्ता नोंदविली आहे. बार्थोलोम्यूच्या कार्यक्षेत्राला काही साधनांत लावलेले ‘भाग्यशाली’ अशा अर्थाचे विशेषण ‘कल्याण’ या नावाच्या अर्थाशी जोडून काही अभ्यासकांनी हे क्षेत्र म्हणजे कल्याणच होय असे प्रतिपादन केले. हा तर्क आकर्षक असला तरी दुबळा आहे. त्या काळच्या ग्रीक लेखनात ‘इंडिया’ या नावाखाली अरबस्तान व इथिओपिया यांचाही समावेश होत असे. शब्दार्थाच्या साम्यावरून स्थलनिश्चिती करणे इतिहासशास्त्राला मान्य होणारे नाही.

सहाव्या शतकातील पुरावा तुलनेने भक्कम आहे. कॉस्मस इंडिकोप्लुस्टिस या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नियुक्त झालेला बिशप असल्याचे लिहिले आहे. कल्लियाना म्हणजे कल्याण हे बहुसंख्य अभ्यासकांना मान्य आहे, जरी याबाबत मतभेदही नोंदविले गेले आहेत. या नोंदीतील महत्त्वाचा तपशील नियुक्तीचा आहे. बिशप होता, याचा अर्थ संघटित मंडळी होती. परंतु तो पर्शियातून येत असे, याचा अर्थ त्या मंडळीची नाळ समुद्रापलीकडे जोडलेली होती.

यानंतरचा महत्त्वाचा पुरावा १३२१ चा आहे. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमिट्रियस हे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू त्या वर्षी ठाण्यात मारले गेले. काही काळाने ठाण्यास आलेल्या पोर्देनोनेच्या ओडोरिकच्या वृत्तांतानुसार ते तेथील एका ‘नेस्टोरियन’, म्हणजे पूर्व सिरियन परंपरेतील, कुटुंबात उतरले होते. त्या घरातील पती-पत्नीचे भांडण काजीपुढे गेले, साक्षीसाठी या धर्मबंधूंना बोलावणे आले, तेथे धर्मचर्चा निघाली आणि तिचे पर्यवसान त्यांच्या हत्येत झाले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी ठाण्याबाहेर होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपारा येथे पुरले. हौतात्म्याच्या या कथेत एक साधी गोष्ट बाजूला पडते. लॅटिन ख्रिस्ती धर्मोपदेशकांना ठाण्यात पहिला आसरा मिळाला तो आधीपासून तेथे राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात.

जॉर्डानसचा अभिप्राय

‘मिराबिलिया’मध्ये जॉर्डानस ज्या भागाला ‘लहान भारत’ म्हणतो, त्याच्या वर्णनात तो तेथील ख्रिस्ती लोकांविषयी थोडक्यात लिहितो. त्याच्या मते इकडे-तिकडे विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण ते ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यापाशी बाप्तिस्मा नाही, धर्माचे ज्ञान नाही, आणि संत थॉमस हाच ख्रिस्त अशी त्यांची समजूत आहे. त्याच भागात आपण सुमारे तीनशे जणांना बाप्तिस्मा देऊन धर्मात आणले, असेही तो लगेच सांगतो.

ही दोन विधाने एकमेकांलगत यावीत, यातच अभिप्रायाचे मर्म आहे. जॉर्डानस ज्या परंपरेत घडला, तिच्यात बाप्तिस्मा एकदाच देता येतो. तो आत्म्यावर न पुसणारी खूण उमटवतो, हा विचार ऑगस्टीनने डोनेटस-पंथीयांशी केलेल्या वादापासून पाश्चात्त्य मंडळीत रुजलेला होता. बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कितीही दूर गेली तरी तिला पुन्हा बाप्तिस्मा देता येत नाही. तिच्यासाठी पश्चात्तापाचा व पापनिवेदनाचा मार्ग असतो. त्यामुळे या लोकांपैकी कोणाला नव्याने बाप्तिस्मा द्यायचा असेल, तर त्याच्यापाशी तो नाही असे आधी ठरणे आवश्यक होते. ‘त्यांच्यापाशी बाप्तिस्मा नाही’ हे वाक्य म्हणूनच निव्वळ निरीक्षण राहत नाही. धर्मविधीच्या दृष्टीने ती पूर्वअट आहे. जॉर्डानसने खोटे लिहिले असा याचा अर्थ नव्हे. धर्मगुरूंशिवाय राहिलेल्या समाजात विधी लोप पावणे शक्य आहे. परंतु लिहिणाऱ्याच्या कार्याला जे विधान सोयीचे आहे, ते साक्षेपाने तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ओडोरिकने उल्लेखिलेले ठाण्याचे कुटुंब पूर्व सिरियन परंपरेतील होते आणि त्या परंपरेत बाप्तिस्मा आहेच. त्यामुळे जॉर्डानसचे ‘विखुरलेले लोक’ आणि ठाण्याचे हे कुटुंब एकच मानून दोन्ही वृत्तांत एकमेकांत मिसळण्याचा प्रघात समर्थनीय नाही. या परिसरात ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या किमान दोन अवस्था होत्या, असेच ही साधने सुचवितात.

तारण गमावण्याचा वाद आणि त्याचा उगम

तारण गमावता येते काय हा प्रश्न आरंभीच्या मंडळीपुढे तात्त्विक चर्चा म्हणून आला नाही. रोमन सम्राट डेशियसच्या काळात, इ.स. २५० च्या सुमारास, अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी देवतांना बळी अर्पण केले किंवा तसा दाखला मिळविला. छळ थांबल्यावर ते परत आले. त्यांना स्वीकारावे काय, यावर मंडळी दुभंगली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर परतीची वाट मान्य केली, तर रोममध्ये नोव्हेशियनने ती नाकारून स्वतंत्र मंडळी उभारली. अशा प्रकारे मंडळीचे दार कोणी उघडावे व कोणी बंद करावे, या व्यवहारी प्रश्नातून तारणाचा हा वाद धारदार झाला.

पुढील काळात तीन भूमिका स्पष्ट झाल्या. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये अशी मांडणी केली की, प्राप्त कृपा गंभीर पापाने गमावली जाते, पण पश्चात्तापाच्या संस्काराने ती पुन्हा लाभते. कॅल्व्हिनच्या परंपरेतील डॉर्टच्या परिषदेने (१६१८-१९) देवाने निवडलेले लोक अखेरपर्यंत टिकतातच, असे ठरविले. जो कायमचा निघून गेला, तो खऱ्या अर्थाने कधी आत नव्हताच. आर्मिनियस व पुढे वेस्ली यांच्या परंपरेने मात्र मनुष्य स्वेच्छेने विश्वास सोडू शकतो आणि तारण गमावू शकतो, असे मानले. मराठी प्रदेशात या तिन्ही धारा आल्या. वसई-साष्टीत पोर्तुगीजांबरोबर पहिली आली. १८१३ मध्ये सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन आणि नंतरचे स्कॉटिश मिशन कॅल्व्हिनच्या परंपरेतील होते, तर मेथडिस्ट १८७० च्या दशकात मुंबईत आले.

विरोधी भूमिकांना बायबलमध्ये आधार सापडतो. मेंढरांना मेंढपाळाच्या हातून कोणी हिसकावू शकत नाही, अशी योहानाच्या शुभवर्तमानातील ग्वाही आहे. तर प्रकाश अनुभवून मागे फिरलेल्यांविषयी इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात कठोर इशारा आहे. परंतु या सर्व उताऱ्यांत एक गोष्ट समान आहे. ते सारे जाणत्या, शिकविल्या गेलेल्या माणसाविषयी बोलतात. ज्यांना शिकवणारेच उरले नाहीत, अशा लोकांचा विचार त्यांत नाही.

जॉर्डानसचा अभिप्राय या निकषावर तपासला असता तो ‘गमावले’ असे म्हणतच नाही, हे दिसून येते. ‘ते ख्रिस्ती नाहीत’ असे म्हणून तो प्रश्नच मिटवितो. डॉर्टच्या परिषदेच्या तीन शतके आधी, वेगळ्याच परंपरेत राहून, तो व्यवहारात त्याच निष्कर्षाच्या जवळ जातो. फरक एवढाच की डॉर्टची परिषद ‘कोण आत होता’ याचा निर्णय देवावर सोपविते आणि जॉर्डानस तो स्वतः देतो. पर्शियाशी असलेली नाळ तुटल्यावर ज्या समाजाजवळ नाव आणि एका प्रेषिताची स्मृती एवढेच उरले, त्या समाजाने काय जपले याची नोंद तो करतो, पण तिचे मोल करीत नाही. थॉमसलाच ख्रिस्त मानणे हे त्याला अज्ञान वाटते. गुरूमध्येच देव पाहणाऱ्या भूमीत त्याचा अर्थ निराळाही लावता येतो.

१७३९ नंतरचा पडताळा

या परिसराने पुढे अशाच प्रकारचा आणखी एक प्रसंग पाहिला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि त्यांच्या अमलात वसई व साष्टी येथे मोठा ख्रिस्ती समाज निर्माण झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. युरोपीय धर्मगुरूंचा आधार गेला. काही कुटुंबे प्रायश्चित्त घेऊन पूर्वधर्मात परतली. तरीही समाज नाहीसा झाला नाही. १७६० च्या अखेरीस साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाला तेथील मंडळी देशी धर्मगुरूंच्या हाती चालत असलेली आणि मराठी अमलात मोकळेपणाने उपासना करीत असलेली दिसली.

कल्याणची मंडळी आणि साष्टी-वसईची मंडळी यांतील भेद श्रद्धेच्या तीव्रतेचा होता, असे मानण्यास आधार नाही. भेद व्यवस्थेचा होता. पहिलीचा बिशप समुद्रापलीकडून येत होता. दुसरीच्या वेदीवर संकटाच्या काळी देशी माणूस उभा होता. वसईच्या समाजातून पुढे मराठीचे लेखकही घडले. त्यांपैकी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. उलटपक्षी, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सिरो-मलबार धर्मप्रांताने कल्याणचे नाव धारण केले, तरी तो मुख्यतः केरळातून आलेल्या लोकांचा आहे. पूर्व सिरियन वारसा कल्याणला परतला, पण कॉस्मसच्या कल्याणचे लोक त्यात शोधता येत नाहीत.

‘तारण’ या शब्दाविषयी

या वादाला मराठी भाषा स्वतःचे एक वळण देते. वेदान्ताच्या परिभाषेतील मोक्षाला पुनरावृत्ती नाही. त्यामुळे ‘मोक्ष गमावला’ ही शब्दयोजनाच विसंगत वाटते. मराठी बायबलने ‘तारण’ हा शब्द रूढ केला. तो ‘तारणे’ या क्रियापदाशी नाते सांगतो आणि पैलतीराला पोहोचेपर्यंतचा प्रवास सुचवितो. शिवाय सावकारी व्यवहारात तो कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूचाही वाचक आहे. पवित्र आत्म्यासाठी पौलाने वापरलेल्या व्यापारी शब्दाला मराठी बायबलने ‘विसार’ हा बाजारातला शब्द दिला, तो याच वर्तुळातील होय. विसार देऊन सौदा मोडणाऱ्याचा विसार बुडतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. येथे विसार देणारा देव आहे. म्हणजे सौदा मोडला तर बोल त्याच्यावर येतो. शब्दाच्या या व्यवहारी अर्थाने तारणाच्या शाश्वतीचा पक्ष जितका सुबोध होतो, तितका तो परिषदांच्या ठरावांनी होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, तारण गमावणे आणि मंडळी गमावणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली व्यक्तीच्या जाणत्या निर्णयाशी संबंधित आहे आणि तिच्याविषयी परंपरांत मतभेद राहणार आहेत. दुसरी संस्थेच्या अपयशाशी संबंधित आहे. कल्याणच्या आद्य ख्रिस्ती समाजाने श्रद्धा नाकारल्याचा कोणताही पुरावा नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारे हात तोकडे पडले, एवढेच साधनांवरून सुचते. जॉर्डानसच्या अभिप्रायाने या संस्थात्मक उणिवेचे रूपांतर त्या लोकांच्या उणिवेत केले आणि पुढील इतिहासलेखनाने ते तसेच स्वीकारले.

याच भूमीत १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना स्थान दिले. ठाणे-सोपारा परिसरातील ते विखुरलेले, बाप्तिस्म्यावाचून राहिलेले आणि तरीही स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे लोक जॉर्डानसच्या मोजपट्टीत बसले नाहीत. टिळकांच्या दरबारात त्यांना बसायला जागा मिळाली असती. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्तात शोधाला निघण्याची जबाबदारी मेंढपाळावर आहे. स्थानिक ख्रिस्ती इतिहासाच्या पुढील अभ्यासात ‘हे लोक ख्रिस्ती होते काय’ या प्रश्नाआधी ‘त्यांना कोणी एकटे सोडले’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.