प्रबंध ‘जस्टिफाय’ करावा का?

प्रबंधाचा मसुदा तयार झाला की बरेच जण एक काम हमखास करतात: कंट्रोल-ए, मग कंट्रोल-जे. दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होतात आणि पान ‘पुस्तकासारखं’ दिसू लागतं. माझ्या मते, ही सवय प्रबंधाचं जितकं भलं करते त्यापेक्षा नुकसान जास्त करते.

आधी जस्टिफायमध्ये नक्की काय होतं ते बघा. ओळीची रुंदी ठरलेली असते. शब्द बसवून उरलेली जागा शब्दांमधल्या फटींत वाटली जाते. समजा 6 मिमी जागा उरली. ओळीत 12 शब्द असतील तर 11 फटी, म्हणजे प्रत्येकी साधारण अर्धा मिमी. डोळ्याला कळतही नाही. पण 5 लांब शब्द असतील तर फटी 4, आणि प्रत्येकी दीड मिमी. आपल्या विज्ञानाच्या लिखाणात रसायनांची लांबलचक नावं, वेब पत्ते, सूत्रं असतात. त्यामुळे भोकं पडतातच.

मग पुस्तकात ती का दिसत नाहीत? कारण तिथे लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडले जातात. शिवाय टेकसारखी प्रणाली (क्नुथ आणि प्लास यांची 1981 ची पद्धत) पूर्ण परिच्छेद एकत्र पाहून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवते. वर्डमध्ये शब्द तोडण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. म्हणजे आपण पुस्तकाची कड घेतो, पुस्तकाची मेहनत घेत नाही.

एपीए शैलीची सातवी आवृत्ती तर मजकूर डावीकडेच जुळवायला सांगते. वेब मजकुराच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकषही सर्वांत वरच्या पातळीवर जस्टिफाय टाळायला सांगतात, कारण असमान फटींमुळे काही वाचकांना ओळ धरून वाचणं अवघड जातं.

‘पण विद्यापीठाच्या नियमावलीतच जस्टिफाय लिहिलंय!’ असेल तर वाद घालू नका, करा. फक्त एवढं सांभाळा:

• मजकुराची भाषा नीट निवडून लेआउटमधलं हायफनेशन सुरू करा.
• सगळं निवडून जस्टिफाय करू नका. बदल फक्त मुख्य मजकुराच्या स्टाइलमध्ये करा.
• संदर्भसूची आणि तक्त्यातले अरुंद रकाने डावीकडेच ठेवा.
• आकड्यांसाठी डेसिमल टॅब वापरा. 0.75 आणि 12.5 यांचे दशांश चिन्ह एकाखाली एक आलं तरच तुलना चटकन होते. स्पेसबार दाबून आकडे सरकवलेत तर फाँट बदलताच सगळं विस्कटेल.

शेवटी एक सोपी चाचणी. पान छापा, उलटं धरा आणि थोडं लांबून बघा. शब्द वाचता येत नसल्याने नजर मोकळ्या जागेवर जाते. पांढऱ्या रेघा वरून खाली ओघळताना दिसल्या, तर तुमचा परीक्षकही त्यातच अडखळणार आहे.