रोजनिशीचा खरेपणा

मराठी समीक्षेत रोजनिशीचे मोल तिच्या ताजेपणावर ठरते. ज्या दिवशी घडले त्याच दिवशी लिहिले, म्हणून ते खरे. वर्षांनी लिहिले ती नुसती आठवण. ही कसोटी कोणाच्या सोयीची आहे?

समुद्रप्रवासाचेच घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांची पत्रे मराठी वाचकाला मिळाली. त्यांच्या धाडसाबद्दल वाद नाही. परंतु आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनाही श्रीरामपूरच्या भाषणात द्यावी लागली. समुद्र ओलांडला की जात बुडते, हा धाक बोटीवरच्या जेवणापर्यंत पोचलेला होता.

आता ज्याच्याजवळ गमावण्यासारखी जातच नव्हती, त्याच्याकडे पाहा. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१७ मध्ये लंडनहून परतले. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. महायुद्धात ती बोट बुडवली गेली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात मात्र समुद्राला जवळजवळ जागा नाही. परदेशातील वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीवच पुसून गेली होती, एवढे सांगून ते थेट बडोद्याच्या स्टेशनवर येतात. उतरायचे कुठे? पारशी विश्रांतिगृहात जागा मिळाली, पण तिथल्या नोंदवहीत पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. मुंबईची गाडी येईपर्यंतची वेळ त्यांनी कामाठीबागेत काढली.

मला महत्त्वाची वाटते ती ही नोंदवही. तिच्यातली नोंद त्याच दिवशीची, त्याच जागेवरची, आणि खोटी. खरी हकीकत लिहिली गेली अठरा वर्षांनी, इंग्रजीत. पुस्तिकारूपाने ती आली १९९० मध्ये. ताजेपणाचीच कसोटी लावायची तर ती खोटी नोंद अस्सल ठरते आणि बाबासाहेबांचे लेखन दुय्यम!

१९३० चा प्रवास वेगळा होता. ऑगस्टमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित परिषदेचे अध्यक्षपद भूषवून ते ऑक्टोबरात 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने गोलमेज परिषदेला गेले. त्या वेळी त्यांच्या मागे समाज उभा होता. बडोद्याला तर दोन परिचितांनीही घरात घेतले नव्हते.

प्रवासवर्णन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी बडोद्याचे प्रकरण आनंदीबाईंच्या पत्रांशेजारी ठेवून वर्गात वाचावे. कसोटी तिथेच तपासता येईल.