निकालपत्रांतील कादंबरी

न्यायालयाचें निकालपत्र हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊं शकतो काय, असें कोणी विचारल्यास एरवीं आम्ही नकारार्थीच मान हलविली असती. परंतु ५ जुलै २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सुदर्शन रेड्डी व न्या. निज्जर यांनीं 'नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य' ह्या खटल्यांत दिलेला निकाल आरंभींच जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' ह्या कादंबरीचें स्मरण करतो. तेव्हां तो वाङ्मयाच्या प्रांतांत आपण होऊन आला आहे.

खटल्याचा विषय थोडक्यांत असा. २००५ सालीं दंतेवाड्याच्या अरण्यांत नक्षलवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' उभा राहिला. बाहेरून पाहतां लोकांचा उठाव. आंतून सरकारचें पाठबळ. गांवें ओस पडलीं, माणसें छावण्यांत आलीं, आणि आदिवासी तरुण 'विशेष पोलीस अधिकारी' झाले. शिक्षण पांचवीपर्यंतचें पुरे, तालीम दोन महिन्यांची, मानधन दरमहा तीन हजार रुपये, आणि हातांत बंदूक.

कॉनरॅड १८९० मध्यें स्वतः कांगोंत गेला होता. हस्तिदंताच्या लोभानें सुधारणेची भाषा कशी नासते, हें त्यानें दाखविलें. खनिजांनीं भरलेल्या बस्तरचा विचार करतां न्यायमूर्तींना तो आठवावा, हें स्वाभाविक आहे. तरीही आमच्या मतें निकालपत्राचा हाच भाग दुबळा. कॉनरॅडच्या कांगोंतील काळीं माणसें जवळजवळ बोलतच नाहींत. चिनुआ अचेबे यांनीं १९७५ च्या व्याख्यानांत ह्याच दोषावर बोट ठेविलें होतें. गोंडांची कैफियत मांडतांना त्या कादंबरीला साक्षीस बोलावणें म्हणजे ज्यांचें म्हणणें ऐकावयाचें, त्यांस पुन्हां मुकें करणें होय.

निकालपत्राचें खरें बळ तें उपमा टाकून साधा हिशेब मांडूं लागतें तेथें आहे. सरकार म्हणालें, हीं मुलें स्थानिक. वाटा जाणतात, माणसें ओळखतात. न्यायालयानें उलट पाहिलें: पांचवी शिकलेल्या मुलास दोन महिन्यांत फौजदारी कायदा कसा उमजणार? आणि तो उमजला नाहीं, तर त्यानें पत्करलेला प्राणांचा धोका राजीखुशीचा कसा? ह्या युक्तिवादानें राज्यघटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांचा भंग सिद्ध झाला आणि शस्त्रें परत घेण्याचा हुकूम सुटला. येथें अलंकार नाहीं, पण कारुण्य आहे.

गांवानें स्वतःच्या रक्षणांत भाग घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्याकडील पोलीस-पाटीलही गांवचाच. पण तो १९६७ च्या कायद्यानें बांधलेला आहे, आणि त्याचें काम खबर देण्याचें, लढण्याचें नव्हे. कमी पैशांत सैन्य उभें करावयाचें म्हणून गरिबाचें पोर पुढें करणें, ही गोष्ट निराळी.

छत्तीसगड सरकारनें त्याच वर्षीं नवा कायदा करून त्या तरुणांस साहाय्यक सशस्त्र दलांत घेतलें. असा कायदा करणें हा न्यायालयाचा अवमान नव्हे, असें २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. म्हणजे मूळ प्रश्न वाचकांपुढें उभाच आहे. ह्या निकालपत्राचे उतारे महाविद्यालयांत गद्य म्हणून अवश्य वाचावे. कॉनरॅडचें पानही गाळूं नये. मात्र शेजारीं अचेबे यांचें व्याख्यान ठेवावें.