करुणेची समीक्षा

अपंग लेखकाविषयी लिहू लागताच आपल्या समीक्षकांची लेखणी नकळत मऊ होते. 'जिद्द', 'मात', 'दुर्दम्य' हे शब्द धावून येतात. कृतीचे परीक्षण व्हावयाचे ते राहून जाते आणि कर्त्याचे अभिनंदन होते. हे औदार्य मला अन्यायाचेच एक रूप वाटते.

चेन्नईत राहून लिहिणारे तमिळ कवी मनुष्यपुत्रन् यांचे उदाहरण घ्यावे. मूळ नाव एस. अब्दुल हमीद, जन्म 1968 चा, गाव तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील तुवरंकुरिची, बालपणी पोलिओ. पहिला काव्यसंग्रह 1983 साली निघाला. पायांच्या चित्रांचा आल्बम जमविणाऱ्या निवेदकाची त्यांची कविता बरीच गाजली. ती वाचून डोळे ओले करणे सोपे आहे. परंतु आल्बम असतो तो चेहऱ्यांचा, हा संकेत उलटवून कवी तेथे आपल्याकडे रोखून पाहणाऱ्यांचेच पाय निरखू लागतो, आणि हा डंख रसिकाच्या अश्रूंत बहुधा विरघळून जातो. शिवाय हे गृहस्थ संपादक आहेत. 'कालच्चुवडु'चे संपादन त्यांनी केले, 2003 साली 'उयिर्मै' हे मासिक काढले, प्रकाशनसंस्था चालविली. कोणाचे छापावे आणि कोणाचे परत पाठवावे हे ठरविणाऱ्या माणसाला आपण केवळ सोसणारा म्हणून वाचतो! त्यांनी विपुल लिहिले आहे. एवढ्या विपुलतेत काही सैल असणारच. ते सैल आहे असे ऐकण्याचा अधिकारही त्यांना मिळावयास हवा.

योगायोग असा की, याच तुवरंकुरिचीच्या सलमा यांची 2004 मधील तमिळ कादंबरी 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावाने मराठीत आणली ती कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ यांनी. तिला साहित्य अकादेमीचा 2020 चा अनुवाद पुरस्कार लाभला. अनुवादिका चाकाच्या खुर्चीवरून वावरतात. घराच्या भिंतींआड कोंडलेल्या मुस्लिम स्त्रियांची ही कथा, तेव्हा भिंत आणि खुर्ची यांची सांगड घालण्याचा मोह समीक्षकाला होणे स्वाभाविक आहे. ती सांगड मला मान्य नाही. खुर्चीने बाई हिंडती होते. तिला अडविते ती पायरी, आणि पायरी भिंतीप्रमाणेच माणसांनी बांधलेली असते. (आपली कित्येक साहित्य-सभागृहे वरच्या मजल्यावर का, हा प्रश्न या ओघात सुचल्यावाचून राहत नाही.) साम्य असलेच तर ते येथे आहे.

खुर्चीकडे लक्ष गेल्याने पुस्तकाविषयीचे प्रश्न मात्र राहून जातात. मूळ तमिळ शीर्षकात 'जामम्' हा शब्द आहे, म्हणजे आपला याम, प्रहर. मराठी शीर्षकातील 'तास' हा लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या 'द अवर पास्ट मिडनाइट' या 2009 च्या इंग्रजी अनुवादाशी जुळतो. प्रहर हा मराठी कानाला ओवी-भूपाळीपासून ओळखीचा. तास घड्याळाचा, प्रहर रात्रीचा, जागणाऱ्या बायकांचा. तो शब्द येथे का नसावा, याचे उत्तर मला अनुवादिकेकडून ऐकावयाचे आहे.